ड्रम्स : भगवान पगारे

कोपर
११ जून २०२४

ताई, जय भीम.

फोन मुद्दामच करत नाही, मेल करतोय. तुझ्या फोनला बाबांचे कान असतात. शाळेच्या ऑफिसात डबा खाताना हे वाच, आणि वाचल्या वाचल्या चिडू नकोस.

माझं काम अडलंय. या खोलीत ड्रमसेट ठेवायला जागा नाही, आणि वाजवला तर सोसायटीवाले मलाच खाली नेऊन ठेवतील. म्हणून मी सॅम्पल वापरतो. कुणीतरी मोठ्या स्टुडिओत खऱ्या ड्रमवर एकेक ठोका मारून रेकॉर्ड केलेला असतो, मी ते ठोके कॉम्प्युटरवर ओळीने मांडतो. आवाज खरा असतो, वाजवणारा मात्र कुणीच नसतो. तेच अडतंय.

ठाण्याच्या सर्वेशबद्दल बोललेलो ना? त्याच्या वेब सिरीजचं टायटल म्युझिक मला मिळू शकतं. मी सगळं करून पाहिलं. एकाच स्नेअर ड्रमचे वेगवेगळे ठोके आलटून पालटून लावले, नाहीतर पत्र्यावर खिळे मारल्यासारखं वाजतं. जोर कमीजास्त केला. ठोके थोडे मागेपुढे सरकवले. खोलीचा घुमारा मिसळला. सर्वेशने ऐकलं आणि म्हणाला, "छान आहे. पण ड्रमर कुठे गेला?"

कॉम्प्युटरला चुकायला सांगितलं की तो फासे टाकल्यासारखा चुकतो. माणसाच्या चुकीला कारण असतं. त्याला हात उचलायला वेळ लागतो, तो गाणारीकडे बघत थांबतो, उत्साहात पुढे पळतो.

मला बाबांचा हात हवाय, ऑर्केस्ट्रात इतकी वर्षं ड्रम वाजवलेला. माझा ऑक्टोपॅड (रबरी चौकोनांचा इलेक्ट्रॉनिक ड्रम), त्याचं पायाचं पेडल आणि जुना लॅपटॉप शनिवारी कळव्याला तुझ्या शाळेत आणून देतो. बाबांनी पॅडवर वाजवायचं. कोणता ठोका कधी पडला आणि किती जोरात, एवढंच लॅपटॉप लिहून घेतो. त्या जागांवर मी माझे आवाज बसवीन. पार्किन्सनने हात थरथरतात हे माहितीये, पण पॅडला जोर लागत नाही.

फक्त माझं नाव घेऊ नकोस. चार वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर माझ्या कामाला "शिलाई मशीन" म्हणालेले, ते मी विसरलो नाही आणि तेही विसरले नसतील. हॉस्पिटलवाल्यांनी हाताचा व्यायाम सांगितलाय म्हण.

तुझा,
प्रेम


कळवा
२ जुलै २०२४

प्रेम, जय भीम.

खोटं बोलले. बोलायला जड गेलं नाही, आणि त्याचंच वाईट वाटलं.

तू शेवटचा आलास तेव्हापेक्षा बाबा आता बरेच वाईट आहेत. शर्टाची बटणं मी लावते. सांडतो म्हणून चहा अर्धा कपच देते. घरातून गॅलरीत जाताना उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. मग मी "एक, दोन, तीन, चार" म्हणते, आणि चारला ते पाऊल टाकतात. शहाडच्या आमच्या मजल्यावरची पोरं आता त्यांना "वनटूथ्री आजोबा" म्हणतात. त्यांना ऐकू जातं.

ऑक्टोपॅड पाहून म्हणाले, "हा कसला पाट?" मी म्हटलं, "व्यायामाचा." स्टिक हातात घेतल्या, उलटसुलट केल्या. "व्यायामाच्या स्टिक बऱ्या आहेत," म्हणाले. मग वाजवायला लागले. आधी ठोके चुकत होते, हात सुटत होता. लाज वाटली असावी, कारण मला म्हणाले, "तू आत जा, भात बघ." मी आतून ऐकत होते. थांबायचे, पुन्हा सुरुवात करायचे. कंपनीतून थेट ऑर्केस्ट्राच्या प्रॅक्टिसला जायचे तेव्हा जसे जेवण विसरायचे, तसा भात निवून गेला.

फाइल पाठवायचं तू दाखवलंस तसं केलं. बाबांनाही बटणं दाखवून ठेवलीत, मी नसताना व्यायाम करावासा वाटला तर.

तू एकदा येऊन जा. व्यायाम म्हणून नको, मुलगा म्हणून ये.

माया


कोपर
९ जुलै २०२४

ताई,

तू काय पाठवलंयस तुला कल्पना नाही!

मी बाबांचे ठोके जसेच्या तसे ठेवले, फक्त आवाज माझे लावले. सर्वेश हेडफोन लावून डोळे मिटून बसला. संपल्यावर पहिला प्रश्न, "कोण आहे हा?" मी म्हटलं, कल्याणकडचा एक जुना माणूस आहे. म्हणाला, "याला सोडू नकोस."

त्यात काय आहे ते ऐक. पायाची किक पडण्याआधी एक अडखळ येते. पाय उचलू की नको असा विचार केल्यासारखी. मग हात पुढे पळतो आणि ठोके लहान लहान होत जातात, मग एकदम कुणीतरी कॉलर धरून मागे ओढल्यासारखे मोठे होतात. ऐकणाऱ्याचा जीव अडकतो. खरं सांगू? हे आजारामुळे आलंय. चांगला धडधाकट ड्रमर ठरवून असं वाजवूच शकणार नाही. मी स्वतः पॅडवर प्रयत्न केला, नकली वाटतं.

अजून पाठव. संथ, मध्यम, जलद, सगळं. येण्याचं म्हणतेस ते ठीक, पण आत्ता नको. मी आलो की ते माझ्यासमोर नीट वाजवायला बघतील.

प्रेम


कळवा
२६ ऑगस्ट २०२४

प्रेम, जय भीम.

चांगली बातमी आहे म्हणून डब्याच्या आधी लिहितेय.

कल्याणला नवीन डॉक्टर दाखवले. त्यांनी गोळ्या बदलल्या, वेळा बदलल्या. पहिला आठवडा मळमळलं. मग एका सकाळी मी वेणी घालत होते, तर मागून आवाज आला, "हे बघ." बाबांनी शर्टाची सगळी बटणं लावलेली. वरचं एक चुकीच्या काजात होतं, पण मी सांगितलं नाही. आईच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. "कांता, बघतेस ना," म्हणाले. मी मोरीत जाऊन रडले.

आणि हो, त्यांना कळलंय. "व्यायामाच्या पाटाला वायर कशाला लागते? हे प्रेमचं आहे ना?" मला वाटलं आता उचलून फेकतात. तर म्हणाले, "मग आधी सांगायचं. मी त्या दिवशी काय भिकार वाजवलं. त्याला म्हणावं ते पुसून टाक, नवीन देतो."

तेव्हापासून रोज बसतात. सोबतची फाइल बघ. गॅलरीतून जाणारा शेजारचा धनेश थांबला आणि म्हणाला, "भगवानदादा, जुना हात आला की परत!" बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण मग दिवसभर गुणगुणत होते.

रोज विचारतात, "प्रेम काय बोलला?" काहीतरी लिही त्यांच्यासाठी.

माया


कोपर
१५ सप्टेंबर २०२४

ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं कळत नव्हतं.

बाबांना बरं वाटतंय याचा मला आनंद आहे, हे आधी वाच आणि मगच पुढे जा. पण नवीन फाइल्स उपयोगाच्या नाहीत. वाईट नाहीत गं. नीट आहेत, तालात आहेत, आणि असं नीट वाजवणारे ठाण्यात पावलोपावली मिळतात. सर्वेशने ऐकलं आणि म्हणाला, "हा तो माणूस नाही." माझं टायटल अजून पक्कं झालेलं नाही. एक तुकडा आवडलाय, पण त्याला पूर्ण गाणं हवंय, शेवटासकट, आणि त्याच हाताचं.

म्हणून विचारतो. सकाळची गोळी फक्त रविवारी वाजवून झाल्यावर दिली तर? बंद कर म्हणत नाहीये. मी नेटवर वाचलं, गोळीचा असर उतरला की हात पहिल्यासारखा होतो, आणि घेतली की परत ठीक. दोनतीन रविवारांचा प्रश्न आहे. त्यांना काही कळणारही नाही.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हळदीत आणि वाढदिवसांत वाजवलंय. पहिल्यांदा कुणीतरी माझं काम कान देऊन ऐकलंय. तू तरी समजून घे.

प्रेम


कळवा
१७ सप्टेंबर २०२४

प्रेम,

तुझं पत्र वाचून ऑफिसातून उठले आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले. शिपाई विचारायला आला, बाई, कुणी गेलं का.

तू आपल्या बापाला आजारी ठेवायला सांगतोयस. गाण्यासाठी. ते उंबऱ्यात कसे अडकायचे हे मी तुला लिहिलं होतं. तू वाचलंस आणि त्यातली अडखळ तेवढी उचललीस.

घरी गेले तर दारातच त्यांचा रोजचा प्रश्न, "प्रेमला आवडलं का?" त्या दिवशी माझ्याच्याने राहवलं नाही. मी सांगून टाकलं. म्हटलं, "नाही आवडलं. त्याला तुमचा चांगला हात नकोय. थरथरणारा पाहिजे. तो म्हणतो, तुम्ही गोळ्या घेतल्यावर कुणीही वाजवेल तसं वाजवता."

त्यांनी पॅडवरच्या स्टिक उचलून बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, "असं म्हणाला?" मी म्हटलं, हो. चहा मागितला, पूर्ण कप प्यायले, आणि पॅडवर कापड टाकलं.

बरं झालं. एकदाचं त्यांना कळलं की आपला मुलगा कसा आहे. आता आशा करत बसणार नाहीत.

मला लिहू नकोस.

माया


कोपर
२८ नोव्हेंबर २०२४

ताई,

लिहू नको म्हणालीस, पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

तू शब्दाने बोलली नाहीस, पण फाइल्स पाठवत राहिलीस. ऑक्टोबरपासून दर दोन दिवसांनी एक. पहिली ऐकली तेव्हाच समजलो की तू रविवारचं ऐकलंस. मी मुद्दामच काही विचारलं नाही, तुला अवघडल्यासारखं झालं असतं. आणि गेल्या महिन्यातल्या फाइल्स तर जुन्यापेक्षाही भारी आहेत. काही ठिकाणी ठोका येतच नाही, आणि न आलेला ठोका ऐकू येतो. सर्वेश म्हणतो, असा ड्रमर पैदा होत नाही.

टायटल पक्कं झालं! जानेवारीत सिरीज येते. ठाण्याला छोटा समारंभ आहे. तू ये. बाबांना मात्र आणू नकोस, हॉलला पायऱ्या आहेत, आणि लोक बघत बसतात.

तुझा,
प्रेम


कल्याण
३ डिसेंबर २०२४

प्रेम,

मी एकही फाइल पाठवलेली नाही. सप्टेंबरनंतर मी त्या लॅपटॉपला हात लावलेला नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोबाईलवर लिहितेय. तुझं पत्र आलं त्याच दिवशी बाबांना इथे आणलं. सकाळी मी कळव्याला निघाले तेव्हा अंथरुणातच होते. म्हणाले, "जरा पडतो." दुपारी धनेशचा फोन आला. पॅडसमोर जमिनीवर पडलेले. अंगात ताप, आणि अंग असं लाकडासारखं ताठ की चौघांनी उचलूनही ते खुर्चीत बसलेल्या माणसासारखेच राहिले. जबडा उघडत नव्हता.

डॉक्टर माझ्यावर ओरडले. "गोळ्या अशा एकदम कुणी बंद केल्या?" मी म्हटलं, मी रोज माझ्या हाताने देते, माझ्यासमोर पाणी पितात. ते म्हणाले, "गिळतात का?"

घरी जाऊन शोधलं. ऑक्टोपॅडच्या कव्हरच्या कप्प्यात सापडल्या. एकमेकींना चिकटलेल्या, लाळेने अर्धवट विरघळलेल्या. आधी मधूनमधून थुंकत असतील. मग सगळ्याच. मला वाटायचं आजार वाढतोय. मी डॉक्टरांना तसंच सांगितलं, आणि त्यांनी डोस वाढवून दिला. तोही त्या कप्प्यातच गेला.

मी शाळेत गेले की ते एकटे वाजवत होते. दाखवलेलं बटण दाबून तुला पाठवत होते.

काल जबडा थोडा सुटला. मी तोंडाशी कान नेला. म्हणाले, "प्रेमला विचार, हात चांगला आला का?"

ये. आता तरी ये.

माया


कोपर
१९ डिसेंबर २०२४

ताई,

मी आलेलो. गेल्या शनिवारी. तू औषधं आणायला खाली गेलेलीस. काचेतून बघितलं. नाकात नळी होती आणि तोंड उघडं होतं. आत जायला दार ढकललं, आणि सोडून दिलं. रिक्षा करून निघून आलो. तुला जे म्हणायचंय ते म्हण.

पण एक सांगतो. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. मी तुला विचारलं होतं, तू नाही म्हणालीस, विषय संपला होता. त्यांना तू सांगितलंस. माझ्यावरच्या रागाने सांगितलंस. मी हे रात्रंदिवस स्वतःला सांगतो, आणि तरी बरं वाटत नाही.

शेवटची फाइल, ज्या दिवशी ते पडले त्या दिवशीची, तीही आली होती. म्हणजे ती पाठवल्यावर ते पडले. ठोके लहान होत जातात, घाईघाईत, एकमेकांत मिसळतात, आणि मग काहीच नाही. मला वाटलं, काय सुंदर संपवलंय. टायटलचा शेवट तोच आहे. तुझं पत्र आलं तेव्हा सगळं देऊन झालं होतं. ज्याने ज्याने ऐकलं तो शेवटाचीच तारीफ करतो.

मला जे करता आलं ते केलंय. सर्वेशशी भांडून नाव घालून घेतलं. टायटलमध्ये वेगळ्या पाटीवर, एकटं येतं. 'ड्रम्स : भगवान पगारे.' इतकी वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं, कधी पोस्टरवर त्यांचं नाव आलं नाही. आता येईल. त्यांना सांग. माझ्याकडून एवढं तरी.

प्रेम


शहाड
९ फेब्रुवारी २०२५

प्रेम,

बाबांना घरी आणून महिना झाला. उठत नाहीत. उजवा हात छातीशी दुमडून राहिलाय, डावा थोडा हलतो. गोळ्या मी आता कुटून पाण्यातून देते आणि तोंड उघडून बघते. डॉक्टर म्हणतात, गेलं ते सगळं परत येणार नाही.

नावाचं मी सांगितलं नव्हतं. काल धनेश मोबाईल घेऊन आला. "भगवानदादा, तुमचं नाव लागलंय!" उशीजवळ धरून टायटल लावलं. पोरं पण जमली, वनटूथ्री म्हणणारी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबांनी पूर्ण ऐकलं. मग धनेशला म्हणाले, "बंद कर." सगळे गेल्यावर मला जवळ बोलावलं. आता त्यांचं एक वाक्य यायला वेळ लागतो, मी मध्ये बोलत नाही. म्हणाले, "हे प्रेमला दिलं होतं. लोकांना नाही." मग म्हणाले, "ऐकणारा म्हणेल, भगवान पगारे असा वाजवायचा."

मी म्हटलं, लोकांना फार आवडलंय. त्यांनी डोळे मिटले. "नाव काढ म्हणावं."

मी ऑर्केस्ट्रातल्या जगनकाकांकडे जाऊन विचारलं, बाबांचं जुनं एखादं रेकॉर्डिंग असेल का, कॅसेट, व्हिडिओ, काहीही. नाही. गाणाऱ्यांची होती, तीही पुरात गेली. त्यांचा चांगला हात कुठेच नाही, प्रेम. कुणी त्यांचं नाव शोधलं तर हे एवढंच सापडणार.

नाव काढ. दुसरं काही मागत नाही.

माया


कोपर
२१ फेब्रुवारी २०२५

ताई,

सर्वेशला विचारलं. नाव निघणार नाही. सगळे भाग ऑनलाइन जाऊन बसलेत, चार भाषांत. एका पाटीसाठी कुणी ते उघडणार नाही. आणि खरं सांगायचं तर तो हसला. म्हणाला, लोक नाव लावा म्हणून मागे लागतात, काढा म्हणणारा पहिलाच बघितला.

तू त्यांना सांग, काढलं म्हणून. त्यांना कुठे एवढी बारीक अक्षरं दिसणार आहेत?

सर्वेशला दुसऱ्या सिरीजसाठी तोच हात हवाय. मी म्हटलं, तो माणूस आता वाजवत नाही. जुने ठोके तोडून जोडून काहीतरी करता येईल असं वाटतं. तुझी हरकत नसेल असं धरतो.

प्रेम


शहाड
६ मार्च २०२५

प्रेम,

काढलं म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, "दाखव."

मी टाळलं, तर जेवण बंद केलं. शेवटी मोबाईल धरला. नाव आलं तिथे थांबवायला लावलं. त्यांना दिसतं, प्रेम. डोळ्यांना काहीही झालेलं नाही. बराच वेळ वाचत होते, जणू ते नाव लांबलचक होतं. माझ्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "मग वरून चांगलं वाजवतो. त्याला बदलून टाक म्हणावं."

तेव्हापासून रोज सकाळी औषध पोटात गेलं, हात स्थिर झाला असं त्यांना वाटलं, की ऑक्टोपॅड मांडीवर ठेवायला लावतात. स्टिक मी डाव्या हातात देते, बोटं मिटवते. मिटवलेली बोटं उघडतात, स्टिक चादरीवर पडते. मी पुन्हा देते. रेकॉर्डिंग चालू करून बाजूला बसते. कपाळावर घाम येतो. ओठ हलतात, एक, दोन, तीन, चार. चारला काहीच होत नाही. पुन्हा एकपासून सुरू करतात.

दमले की म्हणतात, "आज बरं झालं. पाठव त्याला."

आजची फाइल सोबत जोडली आहे.

माया